पहिला नंबर कोणत्या शहराचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मैदान चिखलाने भरले होते, खेळाचा तास रद्द झाला होता आणि दहावीचा वर्ग माझ्याकडे सोपवण्यात आला होता. अशा वेळी मुले जे करतात तेच चालले होते, म्हणजे भांडण. विषय होता, महाराष्ट्रातले सर्वांत चांगले शहर कोणते? मुंबईत मामा असलेल्यांनी मुंबईची बाजू उचलून धरली. पुण्याच्या बाजूने एकच मुलगा होता, पण त्याचा आवाज चौघांचा होता. नागपूरवाल्यांनी संत्र्यांपासून रुंद रस्त्यांपर्यंत सगळे काही काढले. घंटा होईपर्यंत कोणाचेही मत तसूभरही बदलले नाही.

वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली. ती म्हणाली, "सर, ही भांडणे निरर्थक असतात, हे मला कळते. पण आमच्या घरी हाच प्रश्न खराच आला आहे. बाबा बँकेत आहेत. त्यांची बदली होणार आहे आणि नागपूर, नाशिक, पुणे या तीन ठिकाणांचा पसंतीक्रम लिहून द्यायचा आहे. बाबा रोज वर्तमानपत्रातल्या शहरांच्या याद्या वाचतात. एका यादीत एक शहर वर, दुसऱ्या यादीत दुसरे. मग कोणती यादी खरी?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो मोजमापाच्या शास्त्राचा प्रश्न आहे. त्या मुलीला मी जे सांगितले तेच, थोडे विस्ताराने, येथे सांगतो.

प्रथम एक अगदी निर्विवाद वाटणारी तुलना घेऊ : लोकसंख्या. माणसे मोजायची आणि मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत उतरत यायचे. यात वाद कसला? २०११ च्या जनगणनेत कोलकाता महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ४५ लाख माणसे मोजली गेली. त्या हिशेबाने भारतातील शहरांत कोलकात्याचा क्रमांक सातवा लागतो. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि चेन्नई ही सहा शहरे त्याच्या पुढे. सुरत तर अवघ्या तीस हजारांच्या आत त्याच्या पाठीशी. परंतु त्याच जनगणनेत 'नागरी समूह' असे दुसरे कोष्टक आहे. त्यात मुख्य शहराला लागून असलेली, त्याच्याशी सलग वस्तीने जोडलेली गावे आणि नगरे एकत्र मोजतात. या कोष्टकात कोलकाता १ कोटी ४० लाखांच्या घरात जाते आणि मुंबई व दिल्ली यांच्या खालोखाल तिसऱ्या क्रमांकावर बसते!

माणसे तीच, वर्ष तेच, मोजणारे तेच. सातवा क्रमांक आणि तिसरा क्रमांक यांत फरक पडला तो नकाशावरच्या एका रेषेमुळे. कोलकाता महानगरपालिकेचे क्षेत्र जेमतेम दोनशे चौरस किलोमीटर. हावड्याचा पूल ओलांडला की तुम्ही कागदोपत्री दुसऱ्या शहरात जाता. उलट, पुण्याची हद्द पाहा. २०१७ मध्ये अकरा गावे आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे महानगरपालिकेत घेतली गेली आणि क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरांच्या वर गेले. ज्या दिवशी हा आदेश निघाला त्या दिवशी पुण्यातील माणशी उद्याने, माणशी नळ, दर चौरस किलोमीटरला माणसे हे सगळे आकडे बदलले. प्रत्यक्षात एकही झाड लावले गेले नव्हते आणि एकही नळ तोडला गेला नव्हता.

म्हणून कोणी शहरांची यादी पुढे ठेवली की पहिला प्रश्न विचारावा : शहर म्हणजे कोठपासून कोठपर्यंत?

आता हवामान घेऊ, कारण त्यावर मुले फार भांडतात. मुंबईचे वर्षाचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअस आहे. नागपूरचे? तेही २७ अंशांच्या आसपासच! सरासरीवर विश्वास ठेवला तर दोन्ही शहरांचे हवामान सारखे आहे. पण मे महिन्यात दुपारी नागपुरात ४२-४३ अंशांत चाललेल्या माणसाला हे सांगून पाहा. नागपूरचा उन्हाळा मुंबईपेक्षा खूप वर जातो आणि हिवाळ्याच्या रात्री खूप खाली उतरतात. समुद्र जवळ असल्यामुळे मुंबईचा पारा वर्षभर एका अरुंद पट्ट्यात राहतो. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले आहेच. बेरीज करून भागाकार केला की वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात आणि दोन्हीकडे २७ उरतात. सरासरी खोटी नाही. फक्त तिला जे विचारले तेवढेच ती सांगते.

शिवाय 'मुंबईचे' तापमान किंवा 'मुंबईचा' पाऊस म्हणजे कोठला? २६ जुलै २००५ हा दिवस तुमच्या आईवडिलांच्या चांगला लक्षात असेल. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. पुण्याला सबंध वर्षात पडतो त्याहून जास्त! त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पडलेला पाऊस होता सुमारे ७४ मि.मी. दोन्ही वेधशाळा एकाच शहरातल्या, एकमेकींपासून पंचवीस किलोमीटरांच्या आत. कुलाब्याच्या आकड्यावरून कोणी म्हणाला असता की मुंबईत त्या दिवशी बरा पाऊस झाला, तर तो खोटे बोलला नसता. पण मिठी नदीकाठच्या लोकांनी त्याला काय उत्तर दिले असते?

आणि उपकरणाचे काय? २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवले. देशातील आजवरचा उच्चांक म्हणून ती बातमी तासाभरात सगळीकडे पसरली. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा आढळले की तो संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता. ही दुसरी बातमी किती जणांनी वाचली असेल, याची मला शंका आहे. 'सर्वांत' हा शब्द असला की बातमी धावते, दुरुस्ती मात्र पायी येते.

यापुढचा मुद्दा जरा अवघड आहे, पण फार मजेदार आहे. तो नुसता वाचून पटत नाही. वर्गात करून पाहा.

वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांचे दोन गट करा. पहिल्या गटातील प्रत्येकाने नाणे पाच वेळा उडवायचे. दुसऱ्या गटातील प्रत्येकाने वीस वेळा. प्रत्येकाने छापाचे शेकडा प्रमाण काढायचे आणि चाळीस जणांची एकच यादी करायची, सर्वांत जास्त छापवाला सर्वांत वर. काय दिसेल? यादीच्या माथ्यावर जवळजवळ सगळे पाच वेळा उडवणारे असतील. आता तळ पाहा. तेथेही तेच! वीस वेळा उडवणारे बिचारे मधेच गर्दी करून बसलेले दिसतील.

हे का होते याचा हिशेब सोपा आहे. पाच वेळांत चार किंवा पाच छाप येण्याची शक्यता ३२ पैकी ६, म्हणजे शेकडा जवळजवळ १९. वीस वेळांत सोळा किंवा अधिक छाप येणे हेही शेकडा ८० च आहे, पण त्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी आहे. नमुना लहान असला की योगायोगाचे हेलकावे मोठे असतात. नमुना चौपट केला की हेलकावा निम्म्यावर येतो, कारण तो नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. अठराव्या शतकात अब्राहाम द म्वाव्र या गणितज्ञाने हे ओळखले होते.

आता नाण्यांच्या जागी शहरे ठेवा. एखाद्या रोगाचे दर लाखामागे रुग्ण, अपघात, परीक्षेतील उत्तीर्णांचे प्रमाण, काहीही घ्या. लहान गावे आणि मोठी शहरे एकाच यादीत घातली की माथ्यावर लहान गावे दिसतात आणि लगेच कोणीतरी लिहितो, 'लहान गावातील शुद्ध हवेचा परिणाम!' त्याने यादीचा तळ पाहिलेला नसतो. तेथेही लहान गावेच असतात, आणि त्याचे कारण हवा नसते. वीस हजार वस्तीच्या गावात एका वर्षी दोन अपघात जास्त झाले तर त्याचा क्रमांक शंभर पायऱ्या घसरू शकतो. पुढच्या वर्षी ते अपघात झाले नाहीत तर गाव 'सुधारते'. तेथील फौजदाराची उगीचच बदली होते, किंवा उगीचच सत्कार होतो.

बरे, हद्द ठरवली, मोजमाप नीट केले, लहान-मोठे वेगळे केले. तरी एक गाठ उरतेच. शहर चांगले की वाईट हे एका गोष्टीवर ठरत नाही. पाणी, घरभाडे, रस्ते, दवाखाने, शाळा, नोकऱ्या, हवा असे कितीतरी विषय असतात. यादी करायची तर या सर्वांची मिळून एकच संख्या करावी लागते. ती करताना प्रत्येक विषयाला किती महत्त्व द्यायचे हे कोणीतरी ठरवतो. त्याला भारांक म्हणतात. प्रगतिपुस्तकात गणिताला १०० आणि चित्रकलेला ५० गुण असतात, तसेच हे.

केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये १११ शहरांचा 'जीवनसुलभता निर्देशांक' प्रसिद्ध केला. त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. त्या वेळी रस्ते, पाणी, घरे अशा भौतिक सुविधांना शंभरापैकी ४५ भार होता आणि आर्थिक बाबींना फक्त ५. पुढचा निर्देशांक २०२० चा. तो मार्च २०२१ मध्ये जाहीर झाला. या वेळी विषयांची मांडणीच बदलली. जीवनमानाला ३५, आर्थिक क्षमतेला १५, टिकाऊपणाला २० आणि एक अगदी नवी गोष्ट, नागरिकांना स्वतःला काय वाटते यासाठी ३०. दहा लाखांहून मोठ्या शहरांचा गटही वेगळा केला. या गटात बंगळूर पहिले आले, पुणे दुसरे, आणि मुंबई दहावी.

तीन वर्षांत मुंबई सात पायऱ्या खाली आली, असे म्हणता येईल का? नाही. पहिल्या वेळी जी मोजपट्टी होती ती दुसऱ्या वेळी नव्हती. एका मोजपट्टीने रामाची उंची आणि दुसरीने गोविंदाची घेऊन कोण उंच ते सांगू नये, हे पाचवीतल्या मुलालाही कळते. पण आकड्यांना शंभरापैकी गुणांचा झगा चढवला की मोठेही फसतात. मला स्वतःला २०२० ची पद्धत अधिक पसंत आहे. तेथे राहणाऱ्याला विचारल्यावाचून शहर 'राहण्यास सुलभ' आहे की नाही हे ठरवायचे म्हणजे चपला कोठे चावतात ते चांभाराला विचारण्यासारखे आहे. पण ही माझी पसंती झाली. गणिताने ती सिद्ध करता येणार नाही.

भारांक न वापरता नुसता बहुमताने निकाल लावता येईल का? त्या मुलीला मी तिच्या घरातील तिघांचा पसंतीक्रम लिहून आणायला सांगितला. तिने जे आणले ते पाहून मला फार आनंद झाला, कारण असे उदाहरण शोधूनही सापडत नाही. बाबांना घरभाड्याची काळजी. त्यांचा क्रम नागपूर, नाशिक, पुणे. आईचे माहेर नाशिकचे. तिचा क्रम नाशिक, पुणे, नागपूर. मुलीला महाविद्यालयाची निवड महत्त्वाची. तिचा क्रम पुणे, नागपूर, नाशिक.

आता मते मोजू. नागपूर की नाशिक? बाबा आणि मुलगी नागपूरकडे, म्हणून नागपूर वरचढ. नाशिक की पुणे? बाबा आणि आई नाशिककडे, म्हणून नाशिक वरचढ. तेव्हा नागपूर सर्वांत वर, नाशिक मधे आणि पुणे खाली असायला हवे. पण पुणे की नागपूर असे विचारून पाहा. आई आणि मुलगी, दोघीही पुण्याच्या बाजूच्या! नागपूर नाशिकाच्या वर, नाशिक पुण्याच्या वर आणि पुणे नागपूरच्या वर. साप स्वतःचे शेपूट गिळतो तसा प्रकार. घरातल्या प्रत्येकाचे डोके ठिकाणावर आहे, तरी तिघांचे मिळून उत्तर निघत नाही. फ्रेंच विचारवंत काँडोर्से याने १७८५ मध्ये हा चमत्कार दाखवून दिला. पुढे १९५१ मध्ये केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही अगदी साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळणारी क्रमवारीची कोणतीही पद्धत असूच शकत नाही. त्यालाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा दहावीच्या वर्गात शहरांवरून निकाल लागला नाही, यात दहावीच्या वर्गाचा दोष नव्हता.

येथे जाता जाता जीवशास्त्रातले एक उदाहरण देतो. हत्ती उंदरापेक्षा जास्त खातो, पण वजनाच्या मानाने पाहिले तर उंदीर कितीतरी अधिक खादाड आहे. मॅक्स क्लायबर याने १९३२ मध्ये दाखवले की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात न वाढता सुमारे पाऊण घाताने वाढते. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शहरांच्या आकड्यांत असाच नियम शोधला. शहर दुप्पट झाले तर रस्ते, वीजवाहिन्या वगैरे दुप्पट लागत नाहीत, सुमारे १.८ पट पुरतात. उलट मिळकत आणि नवे शोध सुमारे २.२ पट होतात, आणि दुर्दैवाने गुन्हे व काही रोगही तसेच वाढतात. म्हणजे मोठ्या शहराची माणशी मिळकत जास्त असली तर त्यात त्याच्या कर्तबगारीचा भाग किती आणि नुसत्या आकाराचा किती, हे आधी वेगळे करावे लागते. उंदराला 'खादाड' म्हणून शेवटचा नंबर देण्यात काय अर्थ?

एवढे सगळे ऐकल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे शहरांची तुलना करूच नये?"

मुळीच नाही! तुलनेवाचून विज्ञान चालतच नाही. दोन शहरांच्या तुलनेने लाखो माणसांचे प्राण वाचवले आहेत. ती हकीकत अशी.

जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हॅम्बुर्ग हे मोठे बंदर आहे. १८९२ मध्ये त्याची वस्ती सहा लाखांहून अधिक होती. त्याला खेटून आल्टोना नावाचे दुसरे शहर होते, दीड लाखाच्या आतले. हॅम्बुर्ग स्वतंत्र नगरराज्य आणि आल्टोना प्रशियाच्या राज्यातले, पण प्रत्यक्षात सीमा म्हणजे नुसते रस्ते. एका बाजूची घरे हॅम्बुर्गची, समोरची आल्टोनाची. जमीन तीच, हवा तीच, माणसे तशीच. रोज सकाळी हजारो कामगार इकडून तिकडे जात.

१८९२ च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गला पटकीची साथ आली. दोन-अडीच महिन्यांत तेथे सुमारे ८,६०० माणसे दगावली, म्हणजे दर हजारी तेरा. आणि आल्टोनात? तीनशेच्या वर काही, म्हणजे दर हजारी दोन. त्यांतही पुष्कळांना रोग हॅम्बुर्गलाच जडला होता. साथ नकाशावरच्या सीमेपाशी येऊन थांबत होती. रस्त्याच्या एका बाजूला घरोघर रोगी, आणि समोरच्या बाजूला नाहीत. रोगजंतूंना राज्यांच्या सीमा कशा कळल्या?

रॉबर्ट कॉख याला बर्लिनहून बोलावण्यात आले. पटकीचा जंतू त्याने काही वर्षांपूर्वीच, १८८४ मध्ये, आपल्या कोलकात्यात वेगळा करून दाखवला होता. त्याने दोन शहरांत काय सारखे आणि काय वेगळे याचा शोध घेतला. पाणी दोघांचेही एल्ब नदीचेच. हॅम्बुर्ग आपले पाणी शहराच्या वरच्या अंगाला घेई. आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण नदीत मिसळल्यानंतर! नुसते उगमाचे पाणी पाहून क्रमवारी लावली असती तर आल्टोना निश्चित शेवटचे आले असते. पण आल्टोनाचे लोक ते घाण पाणी वाळूच्या थरांतून सावकाश गाळून घेत. हॅम्बुर्गमध्ये गाळणीचे काम अजून चालू होते आणि नदीचे पाणी तसेच नळांत सोडले जाई.

वाळूच्या गाळणीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. वाळूच्या कणांमधील फटी जंतूंपेक्षा कितीतरी मोठ्या असतात, तेव्हा जंतू नुसते चाळणीत अडकतात असे नाही. गाळणी काही दिवस चालली की वाळूच्या वर एक बुळबुळीत साय धरते. ही साय म्हणजे सूक्ष्म जीवांची दाट वस्ती. पाण्यातून येणारे जंतू तिला चिकटतात आणि तेथील जीव त्यांचा फडशा पाडतात. घाण वाटणारी ती सायच पाणी स्वच्छ करते!

आता पुरावा किती पक्का होता तो पाहा. सीमेवर एक वसाहत होती. ती हद्दीने हॅम्बुर्गची, पण सोयीसाठी तिला आल्टोनाचे पाणी मिळे. तेथे पटकी आली नाही. म्हणजे कारण राज्यात नव्हते, नळात होते. पुढे त्याच हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत आल्टोनाच्या गाळण्या गोठून बिघडल्या, तेव्हा आल्टोनातही पटकीचे रोगी निघाले. गाळणी आहे तेव्हा रोग नाही. गाळणी बिघडली, रोग आला. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा असा प्रयोग येथे दुर्दैवाने आपोआप घडून आला होता.

म्युनिकचा पेटेनकोफर हा नावाजलेला आरोग्यतज्ज्ञ मात्र हे मानायला तयार नव्हता. त्याच्या मते साथीचे मूळ जमिनीत होते. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी त्याने पटकीच्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन दाखवले. थोड्या जुलाबांवर निभावले आणि तो वाचला. आपले म्हणणे सिद्ध झाले, असे त्याला वाटले. त्याच्या धैर्याला नमस्कार. पण एक माणूस म्हणजे एकदा उडवलेले नाणे. समोर दोन शहरांची मिळून साडेसात लाखांवर माणसे होती.

हॅम्बुर्गने १८९३ मध्ये घाईघाईने वाळूच्या गाळण्या सुरू केल्या. पुढे १९३७ च्या कायद्याने आल्टोना हॅम्बुर्गमध्ये विलीन झाले. गंमत म्हणून कल्पना करा की हे विलीनीकरण १८९० मध्येच झाले असते. मग तक्त्यात एकच शहर असते आणि एकच आकडा, दर हजारी अकराच्या आसपास. एक वाईट आकडा एवढेच सर्वांना दिसले असते. तेरा आणि दोन यांमधील फरक, ज्यात सगळे उत्तर दडलेले होते, तो बेरजेत बुडून गेला असता.

यादी आणि तुलना यांतला फरक त्या मुलीच्या ध्यानात आला असावा. यादी विचारते, 'वर कोण?' कॉखने विचारले, 'बाकी सगळे सारखे असताना वेगळे काय?' आपल्याकडे २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण होते. पहिल्या वर्षी म्हैसूर पहिले आले आणि २०१७ पासून इंदूरने आपला पहिला नंबर सोडला नाही. २०२३ मध्ये सुरत त्याच्या बरोबरीला आले. अखेर २०२४-२५ च्या सर्वेक्षणात इंदूर, सुरत, नवी मुंबई यांसारख्या नेहमी पुढे असणाऱ्यांसाठी वेगळा गटच करावा लागला. गावोगावच्या चर्चेत 'इंदूर पहिले' एवढेच येते. इंदुरात घरोघर ओला व सुका कचरा वेगळा घेतात, तो एकत्र मिसळू न देता पुढे नेतात आणि ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करतात. यांतले आपल्या गावी काय नाही, ही चर्चा मात्र फारशी ऐकू येत नाही. नंबराला आणखी एक खोड असते. चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ती सांगितली. एखादे माप हेच ध्येय झाले की ते चांगले माप राहत नाही. तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी शाळेत झाडलोट कशी होते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

पंधरा दिवसांनी ती मुलगी एक कागद घेऊन आली. शहरांची नावे वर होती, पण क्रमांक कोठेच नव्हते. बाबांच्या ओळखीच्या लोकांना तिने तिन्ही ठिकाणी पत्रे आणि दूरध्वनी करून चारच प्रश्न विचारले होते. बँकेजवळ दोन खोल्यांचे भाडे किती, त्या भागात पाणी दिवसातून किती तास येते, तेथून विज्ञान शाखेच्या महाविद्यालयात पोहोचायला सकाळी किती मिनिटे लागतात, आणि नाशिकला आजीकडे जायला किती तास. प्रत्येक शहरात दोन-दोन घरांना विचारले होते, कारण सांताक्रूझ आणि कुलाबा तिच्या लक्षात राहिले होते. एका ओळीत दोन घरांच्या उत्तरांत मोठा फरक होता. एकाच शहरात पाणी एकाकडे दिवसभर आणि दुसऱ्याकडे पाऊण तास. तिने त्या ओळीखाली लाल रेघ मारून लिहिले होते, 'शहर नाही, पेठ विचारणे.'

मी विचारले, "मग बाबांनी काय लिहून दिले?"

"अजून ठरत नाही, सर," ती म्हणाली. "पण आता आम्ही भाड्यावर आणि पाण्यावर बोलतो. काल आई म्हणाली की कॉलेज अर्ध्या तासाच्या आत असेल तर नागपूरही चालेल."